सोलापूरचं महायुद्ध शोधायचं तर आधी बाजारात शोधा

सोलापुरात ना बॉम्ब पडला ना रणगाडा आला, त्यामुळं "आपल्याकडं युद्धाचं काय झालंच नाही" असं म्हातारी माणसंसुद्धा सांगतात आणि विषय तिथंच संपतो. घराण्याचा नाहीतर पेठेचा इतिहास लिहायला कुणी बसलं असेल तर माझं म्हणणं सरळ आहे, भाव, सूत आणि कापड यांच्या मागं लागा, युद्ध तिथं सापडतंय.

सगळ्यात आधी तारखा ठरवा आणि इथंच खरी गंमत आहे. पुस्तकात 1914-18 छापलंय म्हणून तुम्ही 1918 ला वही मिटली तर त्याच वर्षीची इन्फ्लुएन्झाची साथ, पावसानं दिलेला दगा, चढलेले भाव आणि 1920 च्या सुरुवातीचा सोलापूरच्या गिरण्यांमधला संप हे सगळं बाहेरच राहतं. दुसऱ्या युद्धाचंही तसंच, आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींवर उपचार करायला 1938 लाच तिकडं गेले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथंच वारले, म्हणजे सोलापूरच्या एका घरात युद्ध हिटलर पोलंडमध्ये घुसायच्या वर्षभर आधीच शिरलं होतं. आणि कापडाचा कंट्रोल, म्हणजे भाव-विक्रीवरची सरकारी बंधनं, 1945 नंतरही चालूच होता की. सुरुवात कुठनं आणि शेवट कुठं हे ठरवलं की निम्मा अर्थ तिथंच लागला म्हणून समजा.

मग बघायचं कुणाचं युद्ध. "युद्धात सोलापूरची भरभराट झाली" असं एक वाक्य कुठंतरी हमखास भेटतं, त्यावर पटकन विश्वास ठेवू नका. गिरण्यांना मागणी आली, देशभरातल्या गिरण्यांनी त्या काळात नफा कमावला हे खरंच आहे, पण शहराच्या पूर्व भागातल्या हातमागवाल्याला सूत गिरणीकडनंच घ्यावं लागायचं आणि ते महाग झालं, मिळेना झालं. जून 1943 ला सरकारनं कापड आणि सुतावर कंट्रोल ऑर्डर काढली ती उगाच नाही. गिरणीचा ताळेबंद आणि 1942 सालचा हातमाग-गिरणी फॅक्ट फाइंडिंग कमिटीचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचा, दोन वेगळी युद्धं दिसतील. सरासरी काढून दोन्ही एकत्र कालवलं की मालकही खोटा आणि विणकरही खोटा.

कागद वाचताना तो कुणी कुणासाठी लिहिला हे आधी विचारा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या सरकारी आर्काइव्हमध्ये देशी वर्तमानपत्रांचे सरकारनं करून घेतलेले इंग्रजी सारांश मिळतात, भारी चीज आहे, पण त्यात साहेबाला ज्याची काळजी वाटली तेवढंच उतरलंय. त्यात भारत संरक्षण कायदा डोक्यावर, त्यामुळं पेपर गप्प म्हणजे गाव शांत असं नसतं. वॉर लोनला, म्हणजे सरकारच्या युद्धकर्जाला, पैसे देणाऱ्यांच्या याद्यांचंही तेच, कलेक्टर समोर बसलेला असताना कोण नाही म्हणणार?

सैन्यात गेलेल्यांचं मात्र जपून लिहा. 1917 ला 111 महार ही पलटण उभी केली, 1921 ला मोडली, 1941 ला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि बाबासाहेबांनी भरतीला पाठिंबा दिला. याला नुसती राजनिष्ठा म्हणणं किंवा नुसतं पोटासाठी म्हणणं, दोन्ही आळशीपणा आहे, पगार आणि मान दोन्ही त्यात होतं. पहिल्या युद्धात मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुटच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला कुट पडलं. नाव शोधायचं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर "शोलापूर" (Sholapur) या जुन्या स्पेलिंगनं शोधा, नवीन स्पेलिंग टाकून बसाल तर बसूनच राहाल.

आता आठवणी. आपल्याकडं 1930 चा मार्शल लॉ आणि जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चार हुतात्मे इतके मोठे आहेत की त्यांच्या सावलीत बाकीचं दिसत नाही, वर 1942 ची चळवळ आणि 1948 चे रझाकारही त्यातच मिसळतात. म्हणून "महायुद्ध आठवतंय का आजी" असं विचारूच नका, नाही म्हणतील. रॉकेल कसं मिळायचं, लग्नाला कापड कुठनं आणलं, भोकाचा पैसा बघितलाय का, असं विचारा. हा पैसा 1943 पासून निघाला, तांबं वाचवायला, तेव्हा तो हातात घेतल्याची आठवण असली की गोष्टीला आपोआप साल मिळतं. मधे अडवून तारीख दुरुस्त करू नका, जशी सांगतात तशीच लिहून घ्या, त्यांचं वय आणि ती पेठ बाजूला टाका, ताळा नंतर कागदांशी घाला. आणि घाई करा बरं का, 1943 ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढं आहे.