एफटीपीची जोडणी अडली, तर आधी पीएचपीलाच विचारा

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतून एफटीपीचं, म्हणजे सर्व्हरशी फाइलींची देवाणघेवाण करण्याचं, काम पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण थेट फाइल पाठवायच्या ओळी लिहू लागतात. माझा आग्रह असतो, आधी एफटीपी_गेट_ऑप्शन शिका. चालू जोडणीत कोणती सेटिंग खरोखर लागू आहे, ते हे फंक्शन सांगतं. आपण कोडमध्ये काय लिहिलंय, त्यापेक्षा हे उत्तर जास्त भरवशाचं.

विचारता येण्याजोग्या गोष्टी मोजक्याच आहेत. टाइमआउट, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्याची मुदत, मुळात ९० सेकंदांचा असतो. ऑटोसीक मुळात चालू असतं आणि अर्धवट राहिलेली फाइल पुढे सुरू करताना कामी येतं. उत्तर मात्र नुसतं छापणाऱ्या एकोने बघू नका, मूल्य प्रकारासकट दाखवणाऱ्या व्हार_डंपने बघा. ऑटोसीक बंद असेल तर उत्तर फॉल्स येतं आणि एको त्या जागी काहीच दाखवत नाही. मग सेटिंग बंद आहे की कोडच बिघडलाय, हे कळायला मार्ग उरत नाही. यात न बसणारा भलताच पर्याय विचारला, तर पीएचपी ८ पासून सरळ व्हॅल्यूएरर ही चूक समोर येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

खरा वेळ खातो तो पॅसिव्ह मोड; यात फाइलींसाठीची वेगळी जोडणी कुठे करायची, ते सर्व्हर कळवतो. लॉगिन होतं, पण फाइलींची यादी मागितली की सगळं थांबतं. असं दिसलं की मी सर्व्हरचं २२७ क्रमांकाचं उत्तर बघतो, ज्यात तो ही जागा कळवतो. त्यात सहा आकडे असतात: पहिले चार आयपी पत्त्याचे, शेवटचे दोन पोर्टचे. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला की पोर्ट मिळतो. सर्व्हर नॅटच्या, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यामागे झाकणाऱ्या यंत्रणेच्या, मागे असला तर पुष्कळदा तो आतल्या नेटवर्कचाच पत्ता कळवतो, उदाहरणार्थ १९२.१६८ ने सुरू होणारा. बाहेरून तिथे पोचणार कसं? अशा वेळी एफटीपी_यूजपासव्हअ‍ॅड्रेस हा पर्याय फॉल्स करायचा, म्हणजे पीएचपी तो पत्ता सोडून मूळ जोडणीचाच पत्ता वापरतं. इथे क्रम महत्त्वाचा: आधी लॉगिन, मग हा पर्याय, त्यानंतर पॅसिव्ह मोड चालू करणारं एफटीपी_पासव्ह. पर्याय लागू झालाय का, तेही लगेच गेट_ऑप्शनने बघून घ्या.

आणि हो, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. सर्व्हरला चालत असेल तर जोडणी सांकेतिक करणारं एफटीपी_एसएसएल_कनेक्ट वापरा. एसएफटीपी हा मात्र एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालणारा वेगळा प्रोटोकॉल आहे, त्याला ही फंक्शनं लागू होत नाहीत.