पाण्याच्या टंचाईचा ताण मुळाच्या पेशीत पाहायचा, तर मीठ नको

पेशी मिठाच्या पाण्यात टाकायची आणि प्रद्रव्य (पेशीतला जिवंत भाग) आकसून भित्तिकेपासून (पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून) सुटलेले दाखवायचे, हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. पण कोरड्या जमिनीत मुळाच्या पेशीचे असे होत नाही. मीठ-साखरेचे बारीक रेणू भित्तिकेतून आत शिरतात, म्हणून भित्तिका जागेवर राहते आणि फक्त प्रद्रव्य आकसते. माती सुकते तेव्हा ओली भित्तिका प्रद्रव्याला घट्ट धरून असते. दोन्ही मिळून आत दबतात. हे दाखवायला पॉलिइथिलीन ग्लायकॉल ६००० (पीईजी) वापरा. त्याचे रेणू भित्तिकेच्या छिद्रांपेक्षा मोठे असल्याने बाहेरच राहतात.

ज्वारीचे बी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ५ मिनिटे ठेवून चार वेळा धुवा. ओल्या फिल्टर पेपरवर दोन दिवसांत मूळ सेंटीमीटरभर झाले, की सारख्या लांबीची रोपे निवडा. निम्मी साध्या पाण्याच्या पेपरवर, निम्मी पीईजीच्या पेपरवर ठेवा.

१०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम पीईजी विरघळवले, की २५ अंश सेल्सिअसला सुमारे −०.४९ मेगापास्कलचा ताण मिळतो (मेगापास्कल हे दाबाचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितके पेशीला पाणी ओढणे कठीण). १० ग्रॅमला फक्त −०.१५. दुप्पट पीईजी म्हणजे दुप्पट ताण नव्हे, आणि तापमान बदलले की आकडाही बदलतो. पाणी वजनाने घ्या. पीईजी टाकून वर १०० मिलिलिटरपर्यंत पाणी भरण्याची चूक हमखास होते. बशी पॅराफिल्मने (ताणून चिकटणाऱ्या मेणासारख्या पट्टीने) बंद ठेवा, नाहीतर पाणी उडून ताण वाढत जातो. मुळे द्रावणात बुडवू नका. पीईजी दाट असते, त्यातून ऑक्सिजन नीट पोचत नाही आणि वाढ गुदमरून थांबली तरी दोष ताणाला जातो.

४८ तासांनी मूळ आणि कोंब दोन्ही मोजा. कोंबाची वाढ जास्त खुंटलेली दिसेल. टोकाजवळच्या पेशी प्रोलिनसारखे (हे एक अमिनो आम्ल) विद्राव्य पदार्थ साठवून पाणी ओढतात आणि भित्तिकाही सैल ठेवतात, म्हणून मूळ पुढे सरकत राहते.

आता सूक्ष्मदर्शक. साध्या पाण्यातली कोवळी मुळे न्यूट्रल रेड या रंगाच्या ०.०१ टक्का द्रावणात १० मिनिटे ठेवा. त्यासाठी नळाचे पाणी घ्या. आम्ल पाण्यात रंग रिक्तिकेत (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत) नीट साठत नाही. जिवंत पेशींच्या रिक्तिका लाल होतात. एक मूळ साखरेच्या द्रावणात ठेवा (२०.५ ग्रॅम साखर, एकूण १०० मिलिलिटर), दुसरे १०० ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅम पीईजी घालून. दोन्हींचा ताण जवळपास सारखाच. साखरेत मूलरोमातला (मुळावरच्या केसासारख्या पेशीतला) लाल भाग भित्तिकेपासून सुटून मागे सरतो. पीईजीत मूलरोमच चेपतो, भित्तिकेसकट. काचपट्टीवर थेंबही त्याच द्रावणाचा घ्या. सवयीने पाण्याचा घेतला, तर पेशी बघता बघता फुगतात आणि पाहायचे ते निघून जाते.

शेवटी आच्छादन काचेच्या एका कडेला पाणी सोडा, दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. साखरेतल्या पेशीचे प्रद्रव्य परत भित्तिकेला टेकले, तर प्रद्रव्याभोवतीचे पटल शाबूत होते. रंग सगळीकडे पसरला, तर पेशी मेली. तिचे निरीक्षण नोंदीतून वगळा.