मॅन्युअलमधे काय बदललंय ते तपासणाऱ्याला नीट कसं दाखवायचं

आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने भरपूर, आणि जिथं रेपियर लूम (बिनधोट्याचे आधुनिक माग) आहेत तिथं मशीनचं मॅन्युअल, मेंटेनन्सचा चार्ट, एसओपी (कामाची ठरलेली पद्धत) असं काही ना काही सारखं बदलत असतं. बदललेली फाईल मॅनेजरला, फोरमनला, जुन्या जॉबरला (लूम लावणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) जाते आणि वर एकच ओळ, "अपडेट केलंय, बघून घ्या". आता ४० पानांत त्या माणसानं बघायचं काय? शिफ्ट सांभाळून तो दोनतीन पानं चाळतो आणि ओके म्हणून टाकतो. त्याचा दोष नाही, दाखवून देणं हे लिहिणाऱ्याचंच काम आहे.

सगळ्यात आधी तुलना कशाशी करायची ते पक्कं करा. तपासणाऱ्यानं शेवटची जी प्रत वाचून पास केली, तिच्याशीच. कालच्या सेव्हशी नाही. मधे तुम्ही एखादं वाक्य घातलं असेल, परत काढलं असेल, आकडा दोनदा फिरवला असेल, त्यातलं काही त्याला बघायची गरज नाही. म्हणून पास झालेली प्रत रिव्हिजन नंबर आणि तारीख टाकून बाजूला ठेवायची, तिला परत हात लावायचा नाही. हे एवढं सांभाळलं की पुढचं निम्मं काम झालं.

वर्डमधे असाल तर रिव्ह्यू टॅबमधे ट्रॅक चेंजेस आहेच, पण ते सुरू करायचं राहून गेलं तरी घाबरू नका. तिथंच कंपेअर आहे, जुनी प्रत आणि नवी प्रत द्यायची, तो फरकासकट तिसरी फाईल काढून देतो. मात्र मोअर उघडून फॉरमॅटिंग आणि व्हाइट स्पेसची टिक काढा, नाहीतर फाँट बदललेला, स्पेस वाढलेली असलं सगळं लाल होऊन बसतं आणि त्यात खरा बदल हरवतो. फरक अक्षरागणिक न दाखवता शब्दागणिक दाखवायला सांगा, मराठीत काना-मात्रा सुट्या रंगलेल्या दिसल्या की वाचवत नाही.

गूगल डॉक्समधे एडिटिंगच्या जागी सजेस्टिंग लावून लिहा, आणि पास झाल्याझाल्या व्हर्जन हिस्टरीत त्या व्हर्जनला नाव द्या. मार्कडाऊन (साध्या मजकुरात लिहायची पद्धत) आणि गिट (फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) वापरणाऱ्यांनी दर ओळीला एकच वाक्य लिहायची सवय लावून घ्यावी, कारण गिट ओळीगणिक फरक दाखवतं आणि अख्खा पॅरा एका ओळीत असला तर एका शब्दासाठी अख्खा पॅरा बदललेला दिसतो. गिट डिफला वर्ड-डिफचा पर्याय लावला की फरक शब्दागणिक दिसतो, तो स्पेसवरून शब्द तोडतो त्यामुळं मराठीलाही चालतो.

आता छपाईचं. आपल्याकडं जॉबर स्क्रीनवर वाचत नाही, प्रिंट काढून किंवा झेरॉक्स मारून लूमपाशी नेतो, आणि झेरॉक्समधे लाल नि हिरवं दोन्ही काळंच येतं. अशा वेळी समासातली उभी रेघ सगळ्यात भरवशाची. ट्रॅक चेंजेसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधे चेंज्ड लाइन्स म्हणून आहे, तिथं आउटसाइड बॉर्डर निवडा, आणि बलूनमधे (समासातल्या चौकटीत) न दाखवता ओळीतच दाखवा म्हणजे पान आकसत नाही.

पण हे सगळं करूनही टूल फक्त कुठं बदललं तेवढंच सांगतं, का बदललं ते नाही. त्यासाठी वर एक पान हातानं लिहायचंच, आणि माझ्या मते हेच पान सगळ्यात महत्त्वाचं. ते असं लिहा (पाईल बीम म्हणजे टॉवेलच्या लूपच्या धाग्याचा रोल, फ्लफ म्हणजे धाग्यातून उडणारी कापसाची धूळ):

"कलम ४.२, पाईल बीमचं ग्रीसिंग. आधी: दर १५ दिवसांनी. आता: दर ७ दिवसांनी. कारण: टॉवेलच्या मालात फ्लफ जास्त उडतो आणि बेअरिंगपाशी साचतो. अण्णा, दर ७ दिवसांनी मशीन थांबवणं शिफ्टमधे जमेल का तेवढं सांगा."

जुनं, नवं, कारण आणि त्या माणसाला नेमका प्रश्न. "बघून घ्या"ला उत्तर ओके येतं, पण "जमेल का"ला खरं उत्तर येतं की रविवारीच जमेल, मधे नाही. प्रत्येकाला सगळे प्रश्न विचारू नका, ग्रीसिंगचं जॉबरला, धाग्याच्या टेन्शनचे आकडे फोरमनला, आणि शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या शेवटी एका ओळीत "बाकी भाषेच्या दुरुस्त्या, अर्थ तोच" म्हणून सांगून मोकळं व्हा. आणखी एक, इथं कितीतरी जॉबर घरी तेलुगू बोलतात, मॅन्युअल मराठीत वाचतात आणि मशीनच्या पॅनलवर इंग्लिश असतं. म्हणून बटणाचं नाव पॅनलवर जसं आहे तसंच द्या, भाषांतर करू नका.

पॅरा एका जागेवरून दुसरीकडं हलवला असेल तर तेही तोंडानं सांगावं लागतं, कारण बऱ्याच ठिकाणी तो एकीकडं खोडलेला आणि दुसरीकडं नवा लिहिलेला दिसतो आणि वाचणारा उगाच सगळं परत तपासत बसतो. शक्यतो हलवाहलवी एका फेरीत आणि मजकुराचे बदल दुसऱ्या फेरीत करा. चित्रांचं तर कुठलंच टूल धड दाखवत नाही. पाईल बीम वर, ग्राउंड बीम (पायाच्या धाग्याचा रोल) खाली असं काही आकृतीत बदललं असेल तर जुनी नि नवी आकृती शेजारीशेजारी लावा आणि बदललेल्या जागेला गोल करा. तक्त्यातला आकडा बदलला तर त्याच चौकटीत जुना आकडा खोडलेला दिसू द्या.

सगळ्यांचं ओके आलं की ॲक्सेप्ट ऑल करा, मग फाईल, इन्फो, इन्स्पेक्ट डॉक्युमेंटमधे जाऊन राहिलेल्या कमेंट काढा, नाहीतर आतली चर्चा गिऱ्हाइकापर्यंत जाते. ती स्वच्छ प्रत नव्या रिव्हिजन नंबरानं पीडीएफ करून ठेवा आणि लूमपाशी लावलेली जुनी झेरॉक्स त्याच दिवशी काढून घ्या.