वर्ग कधी सुरू? सोयाबीन निघाल्यावर

गणपती उठले की आमच्या मंडळीत, म्हणजे जालन्यातल्या आमच्या चर्चमध्ये, एखादं तरी नवीन कुटुंब दिसतं. कुणाची बँकेत बदली झालेली, कुणी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लागलेलं, कुणी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेली एकटी पोरगी. रविवारची भक्ती (उपासना) सुटल्यावर दाराशी चहा घेताना सगळे मला एकच विचारतात, "सिस्टर, लेकरांचे वर्ग कधीपासून?" मी सांगते, "सोयाबीन निघाल्यावर." त्यांना वाटतं, म्हातारी थट्टा करते.

थट्टा नाही. मी मिरजेची. नर्सिंगही तिथंच झालं, वॉन्लेस हॉस्पिटलमध्ये. १९९६ साली जालन्यात नोकरीला आले ती दोन वर्षांत परत जायचं ठरवून. आता निवृत्त झाले तरी इथंच आहे आणि माहेरी गेले की भाऊ माझ्या बोलण्यातलं 'कामून' ऐकून हसतो. तेव्हा नवीन आलेल्यांना दोन गोष्टी सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

पहिल्याच वर्षी पाळकसाहेबांनी विचारलं, बायकांचा बायबल वर्ग घ्याल का? मी हौसेनं सहा रविवारांचा आराखडा केला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात, दुपारी चारला. फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, घरून चादर नेऊन टेबलावर घातली. आल्या तिघी, त्यातल्या एक पाळकीणबाई. दुसऱ्या रविवारी दोघी. तिसऱ्या रविवारी मी आणि मंडळीचे शिपाईकाका. ते खुर्च्या उचलता उचलता म्हणाले, "सिस्टर, रानात माल कापून पडलाय अन् आभाळ आलंय. कोन येतंय आता?" मी रुसले होते, खरं सांगते. इथल्या बायकांना वचनाची गोडी नाही, असं मिरजेला पत्रही लिहिलं. ते पत्र आईनं कुठं टाकलं कोण जाणे, पण आठवलं की अजून लाज वाटते.

तर आमचं वेळापत्रक. मंडळीच्या पत्रकात 'शरदकालीन वर्ग' असं छापतात, ते पत्रकापुरतं. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यातून १९४८ साली त्या तारखेला सुटला, म्हणून इथं झेंडा आणखी एकदा लागतो. मुंबई-पुण्याहून आलेल्यांना हे माहीत नसतं, आणि मग शाळेत लेकराला नेमका त्याच दिवशी गणवेश धुवायला टाकलेला असतो. त्यानंतरच्या रविवारी आमची वही उघडते. संडे स्कूल, कन्फर्मेशनचा (विश्वासाची जाहीर कबुली देण्याआधीचा) वर्ग, पेटी-ढोलकीचा वर्ग, बायकांचा बायबल वर्ग, आणि सेवेची नावं: सगळं त्याच एका जाड वहीत. नाव त्याच दिवशी द्या. नंतर बघू म्हणालात तर सोयाबीन येतं, मग दसरा, मग दिवाळीची सुट्टी, आणि डोळे उघडतात तेव्हा तरुण संघ नाताळच्या गाण्यांची तालीम करत असतो.

सोयाबीन कापून गंजी लागली, मळणीयंत्र फिरलं की माणसं मोकळी होतात. वर्गांचा खरा जोर तिथून. पण तोही थोडेच दिवस, कारण लगोलग कोयते निघतात. 'कोयता' म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कारखान्याचं गाळप कधी ऑक्टोबरच्या मध्याला तर कधी नोव्हेंबरात सुरू होतं, आणि गावातली तरणी माणसं सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. आमच्या आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्यांची निम्मी बाकं त्या काळात रिकामी असतात. म्हणून कन्फर्मेशनचा वर्ग आम्ही दोन तुकड्यांत घेतो. जाणाऱ्यांचा आधी, रोज संध्याकाळी, दाटीवाटीनं. राहणाऱ्यांचा नंतर, निवांत.

सुगीचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार, याच फटीत बसवलेला असतो, म्हणजे जाणाऱ्यांनाही आपलं अर्पण आणता यावं. त्या रविवारी लवकर या, कारण वेदीपुढं पाय ठेवायला जागा उरत नाही. सोयाबीनच्या पाट्या, कापसाचं गाठोडं, मोसंबी, सीताफळं, घरची अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. भक्ती झाली की अंगणात लिलाव. आता इथं सांभाळून राहायचं. मी पहिल्या वर्षी डोक्यावरचा पदर सारखा करायला हात वर केला आणि एक भलामोठा भोपळा माझ्या नावावर सुटला. पैसे दिले, काय करणार! पण त्याच दिवशी एक गंमतही पाहिली. एका म्हाताऱ्या आजीनं आणलेली गावरान कोंबडी एकानं घेतली आणि लगेच परत अर्पण केली. दुसऱ्यानं घेतली, त्यानंही परत दिली. तिसऱ्यांदा ती कोंबडी पुकारली गेली तेव्हा आजी शेजारणीला म्हणाली, "माही कोंबडी लई दमली गं." शेवटी ती कोंबडी आजीच्याच हातात देऊन तिला घरी पाठवलं. घेतलेलं परत देणं सक्तीचं नाही, कुणी नाव ठेवत नाही. पण खिशात सुटे पैसे असू द्या. हल्ली मोबाइलवरही चालतं, तरी अंगणात रेंजची बोंब असते.

"तुम्ही कुठले?" हा प्रश्न तुम्हाला पहिल्या महिन्यात दहादा ऐकावा लागेल. त्याचं उत्तर नुसतं 'पुण्याचे' असं देऊ नका. गाव कोणतं, कोणत्या मिशनचे, तुमच्या घराण्यात पाळक कोण होतं, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. सहा चर्चसंस्था एक होऊन नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी आमची वडील माणसं अजून 'स्कॉच मिशनवाले', 'अमेरिकन मिशनवाले' अशीच ओळख करून देतात. आडनावावरून जात काढायचा प्रयत्नही होईल. होतो, लपवून काय करायचं. मी गावाचं नाव सांगते आणि चहा पुढं करते.

इथल्या जुन्या घराण्यांना बेथेलचा अभिमान आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. पुढं ते जालन्यात आले आणि शहराजवळ निजामाच्या राज्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसवलं, नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांना शेती-धंदा करून पायावर उभं राहता यावं म्हणून. म्हणजे ज्यांच्यामुळं इथं मंडळी रुजली ते स्वतःच बाहेरून आलेले. हे मी अभिमानी मंडळींना अधूनमधून आठवण करून देते, नवीन कुटुंबाला कुणी 'बाहेरचे' म्हणालं की.

गाण्याबद्दल एक. 'उपासना संगीत' हे आपल्या गीतांचं पुस्तक विकत घ्या, मोबाइलवर भागवू नका; वीज गेली की मेणबत्तीत पुस्तकच वाचता येतं. त्यात नारायण वामन टिळकांची पदं भरपूर आहेत, अभंग-ओवीच्या वळणाची, आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांची चाल थोडी वेगळी. मी मिरजेची चाल इथं लावायला गेले आणि ढोलकीवाल्या काकांनी मध्येच हात थांबवला. एक शब्द बोलले नाहीत, नुसते बघत बसले. पेटी शिकायची असेल तर शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर भजनी मंडळात जाऊन बसा. पहिला महिना फक्त टाळ हातात देतील. धरा.

घरसभा दर बुधवारी. तुमच्या घरी पाळी आली तर चहा आणि पोहे, बस. हा महिला मंडळाचा ठराव आहे आणि तो माझ्याच आग्रहानं झाला. एकीनं गुलाबजाम केले, दुसरीनं पुलाव केला, आणि ज्यांना परवडत नव्हतं त्या घरांनी पाळी घेणंच सोडलं होतं.

शेजारी दसऱ्याला आपट्याचं पान हातात देतील, 'सोनं घ्या' म्हणतील. घ्यावं की नाही, असं दर वर्षी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं. मी घेते, नाताळला त्यांच्याकडं करंज्या पाठवते. यावर मंडळीत दोन मतं आहेत, मी माझं सांगितलं.

चर्चच्या आवाराची जागा, भाडेकरू, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची निवडणूक: या तीन विषयांवर पहिलं वर्षभर तोंड उघडू नका. मी उघडलं होतं. पुढं सहा महिने माझ्या नमस्काराला अर्धाच सलाम मिळत होता.

आता सेवेच्या नावांकडं येते. नवीन माणसाला वाटतं, शास्त्रपाठ वाचावा, संडे स्कूलमध्ये शिकवावं. जरूर करा, पण ती नावं पहिल्या तासात भरतात. जागा उरते ती दोन कामांत. एक म्हणजे कबरस्तान. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी आम्ही तिथं साफसफाई करतो. पावसाळ्यानं गाजर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, त्यात घोणस असते, तेव्हा चप्पल घालून येऊ नका, बूट घाला, आधी काठी आपटा. उपटलेल्या गाजर गवतानं काहींच्या अंगाला खाज सुटते, पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. चुना मंडळी देते, ब्रश आपला आपण आणायचा. ज्यांचं मागं कुणी उरलं नाही अशा कबरी आम्ही नवीन कुटुंबांना वाटून देतो. मला मिळाली ती कुणा दाईची आहे. दगडावरचं नाव निम्मं झिजलंय, 'दाई' एवढं वाचता येतं. गेली कित्येक वर्षं मी तिला चुना लावते.

दुसरं काम कोयत्यांचं, आणि ते माझं आवडतं. जाणाऱ्या कुटुंबांना आम्ही एक पिशवी देतो. ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, पट्ट्या, कापूस, टॉर्च. बाई गरोदर असेल तर तिचं माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून ब्लाउजच्या पिशवीशी शिवूनच देते मी, कारण फडावर कागद टिकत नाही. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडून मिळतात, त्या घेतल्यात ना ते विचारायचं. नुसतं विचारून भागत नाही, डबी उघडून बघायची. लेकरं सोबत जाणार असतील तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड काढून घ्यायला सांगायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवायला अडचण येत नाही. लेकरं आजीपाशी राहणार असतील तर त्यांची नावं वहीत. त्यांच्यासाठी मंडळीच्या हॉलमध्ये संध्याकाळी अभ्यासिका चालते, सहा ते आठ. शिकवता येत नसलं तरी चालेल. लेकरू आलं नाही तर त्याच्या घरी जाऊन 'कामून आला नाहीस?' एवढं विचारणारं माणूस लागतं. दोन दिवस न आलेलं लेकरू तिसऱ्या दिवशी शाळाही सोडतं, हे मी बघितलंय.

पिशवी देताना कुणाचा धर्म विचारायचा नाही. सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालायची टूम एका वर्षी निघाली होती, मी हट्टानं बंद पाडली. ज्याच्या डोक्यावर उचल आहे आणि ज्याला उद्या पहाटे ट्रकमध्ये चढायचं आहे, त्याच्या हातात औषधासोबत कागद देणं मला पटत नाही. वचनावर बोलायचं असेल त्यांच्यासाठी रविवार आहेच.

लहानपणी दिवाळी झाली की आमच्याकडं उसाच्या फडांशेजारी कोप्या उभ्या राहायच्या. पाचटाच्या, कमरेत वाकून शिरायच्या. आई म्हणायची, 'तोडकरी आले.' ते कुठून येतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात लसीकरणासाठी एका खेड्यात गेले, तर गल्लीतल्या घरांना ओळीनं कुलपं, ओट्यावर एक म्हातारी आणि तिच्याभोवती चार लेकरं. विचारलं, बाकीचे कुठं? म्हातारी म्हणाली, "सांगलीकडं." मी तिच्यापाशी बसले आणि पाणी मागितलं.

माझी धाकटी बहीण अजून मिरजेजवळच राहते. पिशवीवर मी तिचा फोन नंबर मार्करनं लिहिते. अडल्यानडल्याला दवाखान्यात कुठं जायचं, एवढं तरी कुणी सांगेल. मागच्या हंगामात तिला अकरा फोन आले. यंदा मार्कर संपलाय, येताना एक आणा, काळा, पाण्यानं न पुसणारा.