मसुदा हातात आला की आधी लाल पेन बाजूला ठेवा

पीएचडीचे मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली की अंगावर मूठभर मांस चढतं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात इंग्रजी अध्यापनावर संशोधन करून घेणाऱ्या नव्या मंडळींसाठी हे लिहितेय. माझ्या पहिल्या विद्यार्थिनीचं दीड वर्ष माझ्यामुळे वाया गेलं, ते अजून मनातून जात नाही.

तिचा विषय होता मराठी माध्यमातल्या नववीच्या मुलांच्या इंग्रजी निबंधांतल्या चुका. ती स्वतः मराठी माध्यमातली, लिहिताना अडखळायची. मी महिनोन्‌महिने तिची वाक्यं दुरुस्त करत बसले. 'द' कुठे हवा, 'हॅड' कुठे नको. पानं लाल व्हायची, ती मान खाली घालून घेऊन जायची, पुढच्या वेळी मसुदा जरा सफाईदार यायचा आणि मला वाटायचं काम पुढे सरकतंय. मुलांकडून भरून घेतलेले फॉर्म मी उघडलेच नव्हते.

उघडले तेव्हा पोटात गोळा आला. 'मातृभाषा' या रकान्यात सगळीकडे 'मराठी', आणि त्या जोरावर तिने प्रत्येक चूक मराठीच्या खात्यावर टाकलेली. एका मुलीने मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'आईशी मराठी, आज्जीशी कन्नड'.

आपल्या भागात हीच फसगत होते, म्हणून सविस्तर सांगते. 'व्हाय यू आर नॉट कमिंग?' हे वाक्य घ्या. मराठीत प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी जात नाही, म्हणून हा मराठीचा प्रभाव, असं ठोकून देता येतं. पण कन्नडमध्येही ते जात नाही. घरी इंग्रजीच बोलणारी लहान मुलंसुद्धा काही काळ असेच प्रश्न विचारतात. 'द' गाळण्याचंही तेच. तसं उपपद मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. मग दोष मराठीचाच कशावरून? चुका म्हणजे शिकणारा स्वतः भाषेचे नियम बसवतोय याची खूण, हे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं. आपण ते एमएच्या वर्गात शिकवतो आणि प्रबंध तपासताना विसरतो.

मराठीचा प्रभाव दाखवायचा असेल तर दोन्ही भाषा जिथे वेगळ्या वागतात तिथे शोधा. मराठीत बस 'ती', रस्ता 'तो'. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. मराठी शाळेतली मुलं बसला 'शी' लिहितात आणि त्याच गावातल्या कन्नड शाळेतली लिहीत नाहीत, असं आढळलं तर काहीतरी हाती लागलं. म्हणजे कन्नड शाळेतले निबंधही हवेत. आणि मातृभाषेच्या एका रकान्याऐवजी घरी कोणाशी काय बोलता, गल्लीत काय, बाजारात काय, शाळेत मधल्या सुट्टीत काय, असे वेगळे प्रश्न हवेत.

घाबरू नका, हे सावरता येतं. आम्ही फॉर्म पुन्हा भरून घेतले. खानापूरच्या पावसात ती शाळा-शाळा फिरली, आणि तिच्या वहीत पहिल्यांदाच तिचे स्वतःचे प्रश्न दिसायला लागले.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या जुन्या प्रबंधातली प्रश्नावली उचलून फक्त जिल्ह्याचं नाव बदलून आणणारेही येतील. त्यांना तिथल्या तिथे थांबवा, दया दाखवू नका. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात, पण पहिल्या वर्षी एकच घ्या. वाचायला परदेशी वर्गातले प्रयोगच देऊ नका; एन. एस. प्रभू यांचा 1979 ते 1984 चा इंग्रजी अध्यापनाचा बेंगळुरू प्रकल्प दक्षिण भारतातल्या शाळांमध्येच झाला. तुमच्या सरांनी तुम्हाला दोन-दोन तास दाराबाहेर उभं केलं असेल, पण ती रीत पुढे चालवू नका.

आता कोणी पहिलं प्रकरण घेऊन आलं की मी आधी पाच भरलेले फॉर्म मागते आणि आम्ही दोघं मिळून ते मोठ्याने वाचतो. इंग्रजीची दुरुस्ती प्रबंध बांधायला जाण्याआधीच्या तीन महिन्यांत होते.