सहा गळे, एक पट्टी: समूहगानाच्या संघात येणाऱ्यांसाठी

युवक महोत्सवाची निवड चाचणी जवळ आली की बीड-जालन्याकडची नवी पोरं-पोरी हमखास विचारतात, "समूहगानाला गाणं कोणतं घ्यावं?" गाण्याचं नंतर बघू. मुलं-मुली एकत्र गाणार असतील तर आधी पट्टी, म्हणजे षड्ज (सा) कोणत्या सुरावर धरायचा, ते ठरवावं लागतं.

पट्टी पेटीच्या स्वरावरून सांगतात: काळी एक म्हणजे सप्तकातला पहिला काळा स्वर. मुलांचा गळा साधारण काळी एक-दोनमध्ये खुलतो, मुलींचा काळी चार-पाचमध्ये. मुलींच्या सोयीनं काळी चार धरली तर मुलं एकतर तळाशी पुटपुटतात, नाहीतर वर जाऊन ओरडतात. काळी एक धरली की मुलांचं भागतं, पण तार गंधाराच्या (वरच्या सप्तकातल्या 'ग'च्या) आसपास मुलींचा गळा ताणला जातो. आमच्या संघात आधीच्या मंडळींकडून चालत आलेली रीत होती: काळी एक घ्यायची आणि मंद्र पंचम (खालचा 'प') ते तार षड्ज (वरचा 'सा') एवढ्यातच फिरणारी चाल निवडायची. अशी चाल दोघांनाही पेलते.

दुसरी वाट जरा अवघड, पण मला फार आवडते. काळी चारचा मध्यम ('म') म्हणजेच काळी एकचा षड्ज. मुलींनी आपल्या पट्टीत ओळ टाकायची आणि मुलांनी त्यांच्या मध्यमाला षड्ज मानून उत्तर द्यायचं. पंडित जसराजांनी हेच नातं धरून जसरंगी जुगलबंदी बांधली. तिच्यात गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात. चाचणीपूर्वी ती एकदा मन लावून ऐकाच. सवाल-जवाबाचं लोकगीत असेल तर एखाद्या अंतऱ्यापुरता हा प्रयोग झकास बसतो.

नियम थोडक्यात सांगतो. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या महोत्सवात समूहगानाला जास्तीत जास्त 6 गायक, 3 साथीदार आणि 10 मिनिटं मिळतात. गाणी दोन, त्यातलं एक हिंदी, दुसरं प्रादेशिक भाषेतलं. चित्रपटगीत चालत नाही. वय 25 च्या आत हवं. म्हणजे संघात फार वर्षं कुणीच टिकत नाही. म्हणूनच संघाचा इतिहास नव्या पोरांनी मुद्दाम विचारून घ्यावा लागतो, आणि तो विचाराच.

त्यातला थोडा मी सांगतो. आपलं मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 चं. त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. 1994 हे वर्ष तर दोनदा महत्त्वाचं: 14 जानेवारीला नामविस्तार झाला आणि डॉ. बाबासाहेबांचं नाव लागलं. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ सुरू झालं. तोवर सगळा मराठवाडा एकाच विद्यापीठात होता, म्हणजे बीडच्या मुलाशेजारी लातूरची मुलगी एकाच संघात उभी राहू शकत होती. त्यानंतर नांदेड, लातूर, परभणीचे गळे वेगळ्या संघात गेले. राजभवनाच्या पुढाकारानं 2003 पासून भरणाऱ्या 'इंद्रधनुष्य' या आंतरविद्यापीठ महोत्सवात हे दोन संघ समोरासमोर येतात. पण तालमीच्या गप्पा काढा, दोघांचंही मूळ एकच निघतं.

आमच्याकडे एक जाड वही होती. तिच्यात गाण्यांची स्वरलिपी पेन्सिलीनं लिहिलेली आणि ओळीच्या वर जागोजागी उभी रेघ, रेघेशेजारी नावाचं पहिलं अक्षर. त्या जागी फक्त त्यानंच श्वास घ्यायचा, बाकी पाच जणांनी सूर धरून ठेवायचा. सहाही जणांनी एकदम श्वास घेतला की ओळ मधेच तुटते. शब्दाच्या शेवटी 'स' आला तर तो एकानंच उच्चारायचा, हेही त्याच वहीत होतं. तुमच्या महाविद्यालयात अशी वही असेल तर ती शोधून काढा. नसेल तर तुम्ही सुरू करा.

प्रादेशिक गाण्यासाठी लांब जाऊ नका. पैठणच्या नाथांची भारुडं, गोंधळ, पोवाडा, आंबेडकरी जलशाची गाणी हे सगळं आपल्या अंगणातलं आहे. शाहिरीतली झील, म्हणजे मागच्या साथीदारांनी ओळ उचलून धरणं, तर समूहगानाचा गाभाच. मुख्य गायकाची ओळ संपता संपता झीलकऱ्यांनी ती उचलायची, क्षणभरही उशीर न करता. हे ज्याला जमतं तो सुरेल एकट्या गवयापेक्षा संघाला जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि मिश्र संघ म्हणजे चार मुलांना शोभा म्हणून दोन मुली नव्हेत. तीन-तीन घ्या, अंतरे वाटून द्या. मुलींना वसतिगृहाची वेळ असते, गावाकडून येणाऱ्यांना शेवटची एसटी गाठायची असते. संध्याकाळची तालीम लांबली की मुलींचीच गळती होते आणि मग म्हणतात, मुली मिळत नाहीत. तालीम सकाळी ठेवा. सकाळी गळा जड असतो, तेव्हा आधी खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाझ होतो, तोही संघाला लागतोच.

चाचणीला जाताना आपली पट्टी स्वतःला ठाऊक हवी. विचारलं की लगेच सांगता आली पाहिजे. एक गाणं मुख्य गायकाचं तयार ठेवा आणि एका गाण्याची फक्त झील. झील कुणी विचारली नाही तरी आपणहून म्हणून दाखवा.