सीरममधली दुर्मीळ प्रथिनं शोधायची तर

आमच्या लॅबमध्ये नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न डिप्लिशन कॉलमचा, म्हणजे सीरममधली भरमसाट असलेली प्रथिनं अडवून काढणाऱ्या नळीचा. मी आधी ट्यूब उजेडाकडे धरायला लावते. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) फिकट पिवळं असेल तर पुढचं बोलू. गुलाबी झाक दिसली तर तांबड्या पेशी फुटल्यात. हिमोग्लोबिन नेहमीच्या कॉलमच्या यादीत नसतंच, म्हणजे ते शेवटपर्यंत सोबत राहणार. असा नमुना बाजूला ठेवा.

एक मिलिलिटर सीरममध्ये ६० ते ८० मिलिग्रॅम प्रथिनं, त्यातलं निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. निरोगी माणसात इंटरल्यूकिन-६ (दाहाचा निरोप देणारं प्रथिन) मात्र काही पिकोग्रॅम; एक पिकोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा अब्जावा भाग. या गर्दीतून वाट काढायची आहे.

रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्या, पाच-सहा वेळा हलकेच उलटसुलट करा आणि ३० ते ६० मिनिटं उभी ठेवा. सगळ्या रुग्णांना वेळ सारखीच हवी, यावर मी हटून बसते. गोठताना प्लेटलेट्समधून व्हीईजीएफसारखी (रक्तवाहिन्या वाढवणारी) प्रथिनं बाहेर पडतात. एकाचं रक्त अर्धा तास आणि दुसऱ्याचं दोन तास ठेवलंत, तर तो फरक आजाराचा की तुमच्या चहाचा, कसं सांगणार? मग सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट) वर १० मिनिटं. आरपीएम रोटरप्रमाणे बदलतो, १५ सेंटिमीटर त्रिज्येला साधारण ३०००. सीरम वरून ओढा, गुठळीलगतचा थर सोडून द्या. ५०-५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांच्या फ्रीजरला. एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही.

कॉलमवर चढवण्याआधी किटच्याच बफरमध्ये सौम्य करून ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा; फायब्रिनचा एखादा धागाही महागडा कॉलम तुंबवतो. १४ प्रथिनं काढणारा अँटिबॉडी कॉलम वजनाने सुमारे ९४ टक्के प्रथिन अडवतो. आपल्याला हवं ते न अडकता वाहून येतं. पण अडकलेला भागही जपून ठेवा: अल्ब्युमिन लहान पेप्टाइड्स (प्रथिनांचे छोटे तुकडे) अंगाखांद्यावर घेऊन फिरतं, तीही तिथेच जातात.

आलेलं द्रावण स्पिन फिल्टरने आटवा, बीसीए (प्रथिन किती आहे ते मोजणारी चाचणी) करा, ८ मोलर युरियात घ्या. युरिया ३७ अंशांच्या वर तापवू नका, प्रथिनांचं कार्बामायलेशन होतं, म्हणजे युरियातून आलेला गट प्रथिनाला चिकटतो. प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडायला डीटीटी, ते परत जुळू नयेत म्हणून मग अंधारात आयोडोअ‍ॅसिटामाइड, युरिया १ मोलरखाली आणून ट्रिप्सिन (प्रथिनांचे तुकडे करणारं एन्झाइम) १:५० प्रमाणात रात्रभर. ट्यूब लो-बाइंडच हवी, नाहीतर हाती आलेलं थोडंथोडकं प्लास्टिकलाच चिकटतं. एसी कितीही गार असो, लोकरीचा स्वेटर बाहेर. लोकर म्हणजे केराटिनच, आणि तेही प्रथिनच, नमुन्यात मिसळतं.

एवढं करूनही नेहमीच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत (तुकड्यांच्या वस्तुमानावरून प्रथिन ओळखण्यात) पिकोग्रॅमची पातळी सहसा हाती लागत नाही. इंटरल्यूकिन-६ मोजायचं असेल तर सरळ अँटिबॉडीवर आधारित चाचणी लावा, आणि तिला डिप्लिशन केलेलं नव्हे, फ्रीजरमधलं न उघडलेलं मूळ सीरम द्या.